मढवी सर आणि बारा नंबरचा ट्रेड

मढवी सरांना किळस फार लवकर यायची. स्टाफरूममधल्या चहाची यायची, परिपत्रकांतल्या भाषेची यायची, बास्केटबॉलच्या खांबावर गुटख्याची पिचकारी मारणाऱ्याची तर यायचीच. खालचा ओठ पुढे यायचा, नाकपुड्या आत ओढल्या जायच्या आणि एकच शब्द बाहेर पडायचा, "घाण." आवाज चढवायचे नाहीत. डॉक्टरने रोगाचं नाव सांगावं तसं सांगायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

भिवंडीतल्या आमच्या शाळेत ते शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि मी मराठी. तेरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. सहा फुटांच्या वर उंची, ट्रॅकसूटची चेन उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत ओढलेली, आणि गुडघे असे कुरकुरणारे की ते जिना चढायला लागले की वर्गातली पोरं आपोआप गप्प व्हायची. गाव खाडीच्या काठचं. घरची शेतं केव्हाच गोडाऊनखाली गेली होती. दोन्ही भाऊ त्या गोडाऊनच्या भाड्यावर मोठ्या गाड्यांतून फिरायचे, गळ्यात बोटाएवढ्या जाड साखळ्या घालून. सर मात्र जुन्या स्कूटरवर यायचे. भावांकडून त्यांनी कधी काही घेतलं नव्हतं, आणि भावांचा विषय निघाला की ओठ पुढे यायचा.

सकाळी साडेसहाला ग्राउंडवर मुलींची प्रॅक्टिस असायची. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा अमेरिकेत आदल्या संध्याकाळचे सामने रंगात आलेले असतात. सर फोन एका विटेला टेकवून भिंतीवर ठेवायचे. एक डोळा अमेरिकेवर, एक आमच्या पोरींवर. "ए, पाय कुठं हाय तुझा? तिकडं बघ, तो बाबा कसा वळला!" असं म्हणून ते भिंतीकडे बोट दाखवायचे आणि पोरींना चार इंचांच्या पडद्यावर मुंगीएवढी माणसं पळताना दिसायची.

त्या खेळाडूंची नावं सरांना उच्चारता यायची नाहीत, म्हणून ते त्यांना शर्टावरच्या आकड्यांनी ओळखायचे. त्यातला बारा नंबर हा त्यांचा जीव. तो आठ-नऊ वर्षं एकाच संघाकडून खेळत होता. संघ हरत होता तेव्हाही तिथेच होता, जिंकायला लागला तो त्याच्यामुळेच. त्याने त्या गावात घर बांधलं होतं, त्याची मुलगी तिथल्या शाळेत जायची, हे सगळं सर असं सांगायचे जणू ते बांधकामाला वीट द्यायला गेले होते.

आणि मग एके दिवशी बारा नंबरचा ट्रेड झाला.

ट्रेड म्हणजे काय, हे मला सर आणि गणिताचे अन्सारी सर यांच्यामध्ये बसून बसून कळलं होतं. तिकडचे संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात. खेळाडूचा करार एका संघाशी असतो, पण संघाच्या मनात आलं की तो करार उचलून दुसऱ्या संघाच्या हातात ठेवता येतो. बदल्यात त्यांचे दोन-तीन खेळाडू घ्यायचे. शिवाय पुढच्या वर्षांत जे नवे तरुण खेळाडू येतील, त्यांच्यातून आधी निवड करण्याचा हक्कही घ्यायचा. ज्याला पाठवायचं त्याला बहुतेक वेळा कुणी विचारत नाही.

अन्सारी सरांचं घर यंत्रमागवाल्यांचं, डोकं आकडेमोडीचं. त्यांना खेळापेक्षा ट्रेडच जास्त आवडायचे. खेळ चालू असताना ते जांभया द्यायचे आणि ट्रेडची बातमी आली की ताठ बसायचे. त्या दुपारी ते आले तेच हातात पेपर घेऊन. समासात त्यांनी हिशोब मांडला होता.

"मढवी सर, बघा. एक दिला, तीन घेतले, आणि वर चार निवडी. चार! क्या सौदा मारा है! तुमचा बारा नंबर आता बत्तीसचा झाला. अजून दोन वर्षांनी त्याला कोण विचारणार होतं?"

"आत्ता कुणी विचारलं का त्याला?" मढवी सर म्हणाले.

"कुणी विचारायचं?"

"मालकानं. बाबा रं, जातोस का म्हणून. त्याला कसं कळलं ठाऊक हाय का? पोरीला शाळेतून आणायला गेला होता. गाडीत फोन आला. पोरगी मागच्या सीटवर बसलेली. ही घाण हाय, अन्सारी. माणूस म्हणजे काय कापडाचा तागा हाय? इकडून उचलला, तिकडं टाकला?"

"सर, जज़्बात बाजूला ठेवा. हा धंदा आहे. त्याला किती मिळतात, माहीत आहे ना? आणि निवडी बघा ना तुम्ही. यातली शेवटची निवड सहा वर्षांनंतरची आहे. संघाने भविष्य घेतलं, भविष्य!"

"सहा वर्षांनंतरची?"

"हो."

"तवा तो पोरगा किती वर्षांचा असंल?"

"एकोणीस, वीस."

"म्हणजे आज तेराचा. आज सातवीत."

मढवी सर उठले, गुडघे कुरकुरवत बाहेर गेले आणि दोन मिनिटांत सातवी 'ब'मधल्या एका पोराला दंडाला धरून घेऊन आले. पोराचं नाक वाहत होतं, शर्टाची एक बाजू बाहेर होती. सरांनी त्याला अन्सारी सरांच्या समोर उभं केलं.

"हा बघा. याच्यासाठी बारा नंबर दिला."

पोरगं रडकुंडीला आलं. "सर, मी नाय काय केलं. तो अक्षयनं मारला खडू."

आम्ही सगळे हसलो. अन्सारी सरही हसले, पण मढवी सर हसले नाहीत. त्यांनी पोराचं नाक त्याच्याच रुमालाने पुसलं, त्याला वर्गात पोहोचवून आले आणि पुढचे चार दिवस अन्सारी सरांशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले तेही वाद पुढे चालू करण्यासाठीच. तो वाद मग वर्षभर चालला. दर थोड्या दिवसांनी तिकडे कुणाचा तरी ट्रेड व्हायचा, इकडे समासात हिशोब मांडला जायचा आणि मढवी सर विचारायचे, "कुणी विचारलं का त्याला?"

त्याच वर्षी दर्शनाचं प्रकरण झालं.

दर्शना नववीत होती. वडील दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचे. पोरगी उंच, डावखुरी, आणि चेंडू हातात आला की तिचा चेहरा असा शांत व्हायचा की समोरच्या पोरी गोंधळायच्या. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिने आमच्या शाळेला पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेलं होतं. प्रॅक्टिसला तिच्या पायात गोळे यायचे, ती खाली बसायची आणि मढवी सर ओरडायचे, "पाणी पी म्हणून किती वेळा सांगितलं? पाणी पीत न्हाय आणि गोळे आले म्हणून बसते. घाण सवय!" ती मान खाली घालून पोटऱ्या चोळत राहायची.

बायपासच्या बाजूला एक नवी मोठी शाळा झाली होती. लाकडी फरशीचं बंदिस्त ग्राउंड, वसतिगृह, सगळं. त्यांचे क्रीडा विभागाचे प्रमुख एक दिवस आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना भेटून गेले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा तिघा-चौघांना बोलावलं. दर्शनाला ती शाळा घेऊन जायला तयार होती. फी माफ, राहणं-खाणं माफ. आणि 'सदिच्छा' म्हणून आमच्या शाळेला बास्केटबॉलच्या दोन नव्या पारदर्शक फळ्या, कड्यांसकट, वर डझनभर चेंडू.

मुख्याध्यापिकाबाई हे सगळं वाचून दाखवत होत्या. त्यात मुलीच्या भल्याचं काही नव्हतंच असं नाही. पण फळ्यांचा आकार तिच्या नावाच्या आधी आला होता. अध्यक्षांनी विचारलं होतं म्हणे, चेंडू दोन डझन नाही का होणार?

मढवी सर उभे राहिले. "पोरगी द्यायची आणि फळ्या घ्यायच्या?"

"तसं नाही हो सर…"

"तसंच हाय. बाजारात म्हस बघायला येतात तशी येऊन बघून गेली ती माणसं. ओकारी येते मला."

त्यांनी अन्सारी सरांकडे पाहिलं. ट्रेडवाल्या माणसाने काहीतरी म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असावी, म्हणजे भांडता आलं असतं. अन्सारी सरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. "नहीं सर," ते हळूच म्हणाले, "ये गलत है. हे मुलांच्या बाबतीत नको."

मढवी सरांनी त्याच दुपारी बायपासच्या शाळेला फोन लावून सांगितलं, की मुलगी येणार नाही. पुन्हा आमच्या दारात येऊ नका. आम्हा सगळ्यांना त्यांचा अभिमान वाटला. मी तर घरी जाऊन नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत दर्शना माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तिकडच्या शाळेनं मला बोलवलं होतं म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"शिपाईकाका बोलले. सरांनी नको सांगितलं म्हणे." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "बाई, मला कुणी विचारलंच न्हाय."

माझ्या हातातला घास डब्यात परत गेला. त्या खोलीत आम्ही पाच मोठी माणसं बसलो होतो. वर्षभर अमेरिकेतल्या एका माणसासाठी तोच प्रश्न विचारत होतो. ही पोरगी तीस पावलांवर वर्गात होती.

मी तिला ग्राउंडवर घेऊन गेले. मढवी सर स्टुलावर चढून कड्याला नवी जाळी बांधत होते. मी म्हटलं, "सर, दर्शनाला काहीतरी विचारायचं राहिलंय तुमचं."

ते खाली उतरले. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. सहा फुटांचा माणूस दोन इंच खचल्यासारखा दिसला.

"तुला जायचंय?"

"हो सर."

"का गं? हितं काय कमी हाय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी जायला निघाले तर तिने माझा हात धरला. मग मान खाली घालून म्हणाली, "सर, तिकडं पोरींचं बाथरूम ग्राउंडजवळ हाय. दाराला कडी हाय, पाणी हाय. आपल्याकडचं… आम्ही जात न्हाय तिथं. म्हणून मी पाणी पीत न्हाय सर, प्रॅक्टिसच्या दिवशी. कोणच पीत न्हाय."

सरांच्या हातात जाळीची दोरी तशीच होती. "कवापासून?"

"पाचवीपासून."

ती गेल्यावर सर मला म्हणाले, "बाई, मला दाखवा." मुलींच्या स्वच्छतागृहात मुली नसताना मी त्यांना घेऊन गेले. खरं सांगायचं तर मीही आत गेले नव्हते कित्येक वर्षांत. शिक्षिकांसाठी कार्यालयाच्या मागे वेगळं होतं, कुलुपाचं, किल्ली आमच्याकडे. इथे एका दाराला खालची फळी नव्हती, दुसऱ्याला दारच नव्हतं. नळ कोरडा. लादीचा रंग ओळखू येत नव्हता. कोपऱ्यात कागदात गुंडाळलेल्या, वापरलेल्या फडक्यांचा ढीग झाला होता आणि त्यावर माश्या. वास इतका की डोळ्यांत पाणी आलं.

मी मढवी सरांच्या तोंडून त्यांचा शब्द यायची वाट पाहत होते. तो आला नाही. ते बाहेर आले, भिंतीला हात टेकून वाकले आणि त्यांना खरोखरच उलटी झाली. तोंड पुसून ते म्हणाले, "अकरा वर्षं तिच्यावर ओरडतोय मी. पाणी पी, पाणी पी."

"तिच्यावर पाच वर्षं," मी म्हटलं.

"बाकीच्यांवर अकरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिस झाली नाही. सरांनी ट्रॅकसूटची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, नाकाला पंचा बांधला होता आणि ॲसिडची बाटली, खराटा, बादली घेऊन ते आत होते. शिपाई दारात अवघडून उभा होता. तीन सकाळी ते घासत होते. तिसऱ्या दिवशी अन्सारी सरही आले, पायजमा खोचून, आणि पाण्याच्या बादल्या वाहू लागले. मी ढीग उचलला. त्या कामात कुणाला काही महान वाटलं नाही. हात धुऊन झाल्यावरही वास जात नव्हता आणि तो आमचाच होता.

पण दारं आणि पाणी घासून येत नाहीत. सर अध्यक्षांकडे गेले आणि म्हणाले, पोरगी जाणार, तिला जायचंय. पण त्या शाळेला सांगा, फळ्या नकोत, मुलींसाठी बाथरूम बांधून द्या. अध्यक्षांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, आमची तरतूद क्रीडा साहित्याची आहे, बांधकामाची नाही. आठवड्याने टेम्पोतून फळ्या उतरल्या. खालच्या कडेला लाल अक्षरांत देणाऱ्या शाळेचं नाव. सर त्यांच्याकडे बघत उभे राहिले. ओठ पुढे आला. फळ्या त्यांनी लावल्या नाहीत. कार्यालयामागे प्लास्टिकच्या फुग्यांच्या कागदात गुंडाळलेल्या त्या तशाच पडून राहिल्या.

मग त्यांनी जे केलं ते त्यांना किती जड गेलं असेल, हे आम्हालाच ठाऊक. ते थोरल्या भावाकडे गेले. वीस वर्षांत ज्याच्याकडे चहाव्यतिरिक्त काही मागितलं नव्हतं, त्याच्याकडे मिस्त्री मागितला.

भाऊ स्वतः गाडी घेऊन शाळेत आला. मोकळा माणूस. फिरून सगळं बघितलं आणि म्हणाला, "आरं, एवढंच ना? गोडाऊनच्या लाद्या पडल्यात, दरवाजे हायेत, टाकी बसवून देतो. आपल्या वडलांच्या, आबांच्या नावाची पाटी लावूया का वर?"

"संडासावर?" मढवी सरांनी विचारलं.

भावाने वर पाहिलं, जरा विचार केला. "ऱ्हाऊ दे मग," तो म्हणाला.

दोन आठवड्यांत दारं लागली. कड्या आतून. टाकीतून पाणी यायला लागलं. आणि दर्शना शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेली. निघताना ती सरांच्या पाया पडली, तेव्हा ते म्हणाले, "तिकडं कुणी उजव्या हातानं खेळ म्हटलं तर ऐकायचं न्हाय." एवढंच.

त्या दिवशी अन्सारी सरांना राहवलं नाही. "आखिर आपने भी ट्रेड कर दिया, सर."

मला वाटलं, आता भडकणार. मढवी सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "केला," ते म्हणाले. "आणि त्याच्या आधी जे केलं ते ट्रेडपेक्षा घाण होतं. मालक निदान बारा नंबरला कळवतो तरी. मी तिला कळवलंपण न्हाय."

पुढच्या वर्षी दर्शनाच्या नव्या शाळेने आम्हाला जिल्ह्यात पहिल्याच फेरीत धुऊन काढलं. एकटीने निम्मे गुण केले तिने. तिच्या बाकावर पाण्याची बाटली होती आणि दर विश्रांतीला ती घटाघटा पाणी प्यायची. मढवी सर त्या बाटलीकडे बघत होते. गुणफलकाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात आमच्या शाळेची पटसंख्या घसरली. पालक इंग्रजी शाळांकडे वळत होते. तुकड्या कमी झाल्या आणि मढवी सर 'अतिरिक्त' ठरले. सरकारी कागदात माणसासाठी हाच शब्द आहे. अतिरिक्त शिक्षकांचं 'समायोजन' करतात, म्हणजे जिथे जागा असेल तिथे पाठवतात. एका हॉलमध्ये शे-दीडशे शिक्षक सकाळपासून बसले होते, नाव पुकारलं की पुढे जायचं, उरलेल्या शाळांची यादी बघायची आणि बोट ठेवायचं. अन्सारी सर आणि मी त्यांच्यासोबत गेलो होतो. कुणाची बायको आजारी, कुणाचा मुलगा दहावीत, कुणी पुढे जाऊन रडत होतं आणि टेबलामागचा माणूस जांभई देत पुढचं नाव वाचत होता. पंखा होता पण हवा नव्हती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सरांचा नंबर आला तेव्हा यादीत दोनच शाळा उरल्या होत्या. वज्रेश्वरीच्या बाजूची एक त्यांनी घेतली.

बाहेर आल्यावर अन्सारी सर म्हणाले, "सर, तुमच्या बदल्यात आपल्या शाळेला काय मिळालं?" त्यांना गंमत करायची होती. वाक्य संपेपर्यंत त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

मढवी सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कायच न्हाय," ते म्हणाले. "फुकट गेलो, अन्सारी. एक निवडपण न्हाय. घाण!"

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या माघात. सासूबाईंना घेऊन वज्रेश्वरीला देवदर्शनाला गेले होते. त्या तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसल्या आणि मी सरांची शाळा विचारत गेले. दोन खोल्या, मातीचं आवार, एका बाजूला लोखंडी खांब आणि त्याला वेल्डिंग करून बसवलेलं कडं. आजूबाजूच्या पाड्यांवरची, वाडीवरची वीसेक पोरं-पोरी रांगेत उभी होती, बरीचशी अनवाणी. मढवी सर प्रत्येकासमोर थांबून विचारत होते, "तुला कुठं खेळायचंय? पुढं का मागं?" पोरांना असं कुणी विचारायची सवय नसावी. ती एकमेकांकडे बघायची, लाजायची, मग काहीतरी सांगायची. फार वेळ लागत होता. निम्मा तास त्यातच गेला असावा.

शेवटी एक काळासावळा, गुटगुटीत मुलगा होता.

"तुला रं?"

"मला न्हाय खेळायचं, सर."

"मग काय करायचंय?"

मुलाने आंब्याच्या झाडाखालच्या सावलीकडे बोट दाखवलं. "तिथं बसायचंय."

सरांचा ओठ पुढे आला. नाकपुड्या आत ओढल्या गेल्या. कुंपणाच्या बाहेर उभी राहून मी तो चेहरा अगदी स्पष्ट पाहिला, बास्केटबॉलच्या वेळेला सावलीत बसणारं पोर म्हणजे त्यांच्या लेखी काय असणार हे मला ठाऊक होतं. शब्द जिभेवर आलेला दिसत होता.

"जा," सर म्हणाले. "बस."

मुलगा पळत जाऊन झाडाच्या बुंध्याला टेकून बसला, पाय लांब केले. सरांनी शिट्टी फुंकली. धुळीत खेळ सुरू झाला आणि सर त्यात ओरडत, वाकत, पळत राहिले. पण दर मिनिटाला त्यांची मान झाडाकडे वळायची, चेहरा कडू व्हायचा, आणि ते पुन्हा चेंडूकडे बघायचे. मुलगा आरामात बसून होता. मी असेपर्यंत त्याला कुणी उठवलं नाही.